गळा आहे, आता बैठक हवी

बाळा, तुझा गळा चांगला आहे, इच्छाही खरी आहे. पण ‘सोमवारपासून रोज दोन तास गाण्याचा रियाज’ हा तुझ्यासारखा बेत ग्वाल्हेरात मी कितीजणांचा मोडताना पाहिलाय. वीसच मिनिटं बस, सकाळच्या चहाआधी, ठरलेल्या जागी. तानपुरा लावून नुसता सा. कंटाळा येईल, तरी उठू नकोस. सूर स्थिर व्हायला तेवढं लागतंच. मग भूप रागाचे अलंकार, म्हणजे सुरांचे ठरावीक क्रम, संथ लयीत.

चुका दोन होतात: तानांची घाई, आणि एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट रियाज. त्यानं आवाज बसतो. चुकलेला दिवस सोडून दे.

१९१८ सालचं माधव संगीत महाविद्यालय आपल्याच गावात आहे, पण प्रवेशाचं नंतर बघू. आधी महिनाभर कॅलेंडरवर रोज खूण कर आणि ते घेऊन माझ्याकडे ये.