गोन्सालोला तपकिरी झगा नको

प्रश्न : आम्ही वसईतल्या एका धर्मग्रामातले तरुण. संत गोन्सालो गार्सियाच्या सणाला त्याच्या जीवनावर चालता देखावा करायचा विचार आहे. ड्रेपरीवाल्याकडे तपकिरी झगे, चकचकीत जपानी पोशाख आणि खिळ्यांसकट क्रूस भाड्याने मिळताहेत. काही वडीलधारे म्हणतात, क्रुसाचा प्रसंग रस्त्यावर करू नका, त्याचा पोरखेळ होतो. करावा की नाही? आणि कपडे कसे असावेत?
– युवा मंडळाची सेक्रेटरी, वसई

उत्तर : जरूर करा. त्याच्या नावाच्या कॉलेजातून आपली किती मुलं शिकून बाहेर पडली; पण गोन्सालोने आयुष्यभर केलं काय असं विचारा, "जपानात क्रुसावर गेला" याच्यापुढे गाडी सरकत नाही. देखाव्यामुळे तेवढं जरी लोकांना कळलं तरी तुमच्या धडपडीचं चीज होईल.

धर्मग्रामाच्या नाटकांचे कपडे मी वर्षानुवर्षं शिवत आले आहे, म्हणून आधी कपड्यांचं सांगते. तपकिरी झगा घेऊ नका. गोन्सालो फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातला. फ्रान्सिस्कन म्हटलं की आज तोच रंग डोळ्यांपुढे येतो, पण तो सगळीकडे रूढ झाला १८९७ नंतर. गोन्सालोच्या काळातला झगा राखाडी, जाड लोकरीचा. शिवाय मनिलाहून जपानला गेलेले हे बंधू अधिक कडक, अनवाणी राहणाऱ्या शाखेतले. तेव्हा जाडंभरडं मांजरपाट आणा, राखेच्या रंगात रंगवून घ्या, धुऊन पिळून चुरगळू द्या आणि कोपरावर, गुडघ्यावर ठिगळं लावा. ठिगळाचा टाका दिसला तरी चालेल, दिसायलाच हवा. कंबरेला सुताची दोरी, तिच्या लोंबत्या टोकाला तीन गाठी : दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. गळ्यात स्टोल (धर्मगुरूचा लांब पट्टा) आणि हातात चषक मात्र देऊ नका. गोन्सालो धर्मगुरू नव्हता, व्रतस्थ बंधू होता. मिस्सा करणारा गोन्सालो उभा केलात तर तो वेगळाच कुणीतरी होईल.

त्याचं खरं काम होतं दुभाष्याचं, आणि माझं ऐकाल तर देखाव्याचा मोठा भाग त्यालाच द्या. १५५६च्या सुमारास वसईत जन्म, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइट संघाच्या धर्मगुरूंकडे शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा अशी आत्मसात केली की लोकांना धर्मशिक्षण देऊ लागला. पुढे व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाला. १५९३मध्ये पेद्रो बाउतिस्ता हे फादर मनिलाच्या गव्हर्नरांचे दूत म्हणून तोयोतोमी हिदेयोशीकडे गेले, तेव्हा बोलणी करायला सोबत आपला वसईकर. हा प्रसंग करा. एकीकडे स्पॅनिश, दुसरीकडे जपानी, मधे गोन्सालो. हिदेयोशीला 'सम्राट' म्हणू नका. सम्राट क्योतोत वेगळा होता, सत्ता याच्या हातात होती. आणि वसई सोडतानाच्या प्रसंगात आईच्या तोंडी छापील मराठी नको. तुमच्यात कुणाला सामवेदी किंवा वाडवळी बोली येत असेल तर तीच घाला.

चकचकीत पोशाख परत करा. गोन्सालोसह एकूण सव्वीस जणांना मारलं, त्यांतले सतरा जपानी संसारी माणसं होती : सुतार, स्वयंपाकी, वैद्य, धर्मशिक्षक. त्यांना साधे सुती किमोनो द्या, गडद निळे, मळखाऊ.

१५९६च्या ऑक्टोबरात एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, त्यातून या परक्या धर्मप्रचारकांबद्दल हिदेयोशीचा संशय पेटला आणि डिसेंबरात धरपकड झाली. क्योतोत प्रत्येकाचा डावा कान छाटला, गावोगाव धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेलं. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे त्यांच्यातच धरले गेले. तुमचा देखावा चालता आहे, म्हणून ही वाट तुम्हाला जशी दाखवता येईल तशी रंगमंचावर कुणाला येणार नाही. चोवीस जण घेऊन निघा आणि बघणाऱ्यांच्या गर्दीतून दोघांना आत ओढा.

आता क्रूस. वडीलधाऱ्यांची काळजी मला पटते, पण प्रसंग गाळू नका, नीट करा. खिळे नव्हतेच. हातपाय दोऱ्यांनी आणि लोखंडी कड्यांनी बांधले होते, टेकायला मधे खुंटी होती, आणि दोन्ही बाजूंनी भाले मारले गेले. ५ फेब्रुवारी १५९७, निशिझाका टेकडी. तुम्ही बांधण्यापर्यंत दाखवा. भाल्यांचं निवेदकाने एका वाक्यात सांगावं. लाल रंगाची बाटली कुणाच्या हाती देऊ नका. त्या टेकडीवर अंतोनियो नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने बायबलमधलं एकशेतेरावं स्तोत्र म्हटलं होतं. तुमच्या गायनमंडळातल्या एखाद्या मुलाला ते मराठीत म्हणू द्या, पेटीशिवाय. चौदा-पंधरा वर्षांच्या तोमास कोझाकीने वाटेत आईला पत्र लिहिलं : आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ. ते पत्र पुढे त्याच्या बापाच्या अंगावर सापडलं. बापही त्या सव्विसांत होता. पत्र वाचायला मोठा नट नको, त्याच वयाचा मुलगा घ्या. अडखळला तरी अडखळू दे.

शेवट किल्ल्यातल्या गोन्सालोच्या देवळापाशी करणार असाल तर आधी फादरांना विचारा आणि पुरातत्त्व खात्याकडे परवानगीचा अर्ज बराच आधी टाका. किल्ला संरक्षित आहे. भिंतीत खिळा नाही, जमिनीत खड्डा नाही. क्रुसांना खाली लाकडी फुली जोडा आणि तिच्यावर वाळूच्या गोण्या ठेवा. समुद्राचा वारा असतो, एका क्रुसाला चार गोण्या तरी धरा, आणि मुलांना वर बांधण्याआधी एकदा रिकामे उभे करून बघा.