जुन्या एकधारी रेझरने पहिली दाढी करताना

आपली त्वचा नाजूक आहे, एवढ्यावरून एकधारी, म्हणजे एकाच बाजूला धार असलेल्या पात्याच्या रेझरला बिचकण्याचे कारण नाही. रविवारी जुन्या बाजारात जेम किंवा एव्हर-रेडी या जुन्या छापांचा असा रेझर हाती लागलाच, तर त्याच्या चकाकीपेक्षा पाते जागेवर अडवणारे कोपऱ्यांतले दोन बारीक खुंट आधी पाहावेत. ते वाकलेले असल्यास पाते तिरके बसते आणि गालावर हमखास ओरखडे उठतात. माझा पहिला रेझर असाच निघाला. मी चकाकीला भुललो होतो. रेझर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासावा, उकळू नये.

याचे पाते सुमारे ०.२३ मिमी, म्हणजे दुधारी पात्याच्या दुपटीहून जाड आणि ताठ असते. त्याच आकाराची रंग खरवडण्याची पाती स्वस्त मिळतात, ती चेहऱ्याला लावू नयेत.

नवख्यांची मोठी चूक कोनाची असते. दुधारी रेझरच्या सवयीने मूठ खाली झुकवली जाते. येथे मात्र रेझरचे डोके गालावर जवळजवळ सपाट टेकवावे, म्हणजे मूठ चेहऱ्यापासून दूर राहते, आणि केस कापल्याचा खरखर आवाज येईपर्यंतच ती किंचित खाली आणावी. दाब अजिबात देऊ नये, रेझरचे वजन पुरेसे आहे.

पहिला महिनाभर केसांच्या वाढीच्या दिशेने रेझरचा एकच हात फिरवावा. उलटा हात, विशेषतः गळ्यावर, टाळावा. बोअरवेलच्या जड पाण्यात फेस धरत नसेल, तर फेसापुरते पिण्याचे पाणी घ्यावे. शेवटी तुरटी फिरवावी. ती जेथे झोंबेल, तेथे हात जड पडला होता असे समजावे.