पंचवीस सोपं, अडीच अवघड

प्रश्न: ताई, मी नागपूरची, धरमपेठेत राहते, जर्मनचं ए-वन, म्हणजे अगदी पहिली पातळी, घरूनच करतेय पण व्याकरणाच्या पीडीएफ वाचून डोकं उठलंय ना, काय करू?

उत्तर: अगं, पीडीएफ ठेव बाजूला. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या साइटवर रोजच्या जगण्याचे फुकट व्हिडिओ आहेत, ते बघ आणि सोबत मोठ्यानं बोल, घरचे हसले तर हसू दे. आकड्यांना घाबरू नको, तेही आपल्यासारखं आधी पाच मग वीस म्हणतात, फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश, म्हणजे पंचवीसच की! घोळ घड्याळात होतो, 'हाल्प द्राय', शब्दशः 'अर्धा तीन', म्हणजे साडेतीन नाही बरं, अडीच. आणि 'प्फांट', म्हणजे बाटलीची अनामत, हा शब्द मला तर व्हिडिओतच कळला, जर्मनीत पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की सहसा २५ सेंट परत.