जपानी लोककथांमध्ये खरंच व्हॅम्पायर आहेत का, की ॲनिमेवाल्यांनी सगळं युरोपातून उचललंय?

सुळेवाला, काळा झगा घालून शवपेटीतून उठणारा म्हणत असाल तर नाही, तो बाहेरूनच आलाय. 'क्यूकेत्सुकी' असा शब्द आहे त्यांच्याकडे, पण तो म्हणजे सरळसरळ 'रक्तपिपासू राक्षस'. रक्त पिणारी भुतं मात्र त्यांची स्वतःची आहेत आणि मला तरी ती ड्रॅक्युलापेक्षा जास्त टरकवतात.

माझी फेवरेट इसो-ओन्ना, जपानच्या क्यूशू बेटाच्या किनाऱ्यावरची भुतीण. ही चावत बिवत नाही, रात्री बोट बांधलेल्या दोरावरून गुपचूप वर चढते, झोपलेल्या माणसावर आपले लांब केस पसरते आणि केसांनीच रक्त ओढून घेते, सकाळी माणूस खलास. म्हणून तिकडचे कोळी अनोळखी बंदरात दोर बांधायचेच नाहीत, नुसता नांगर टाकायचे. आणि झोपताना बोटीवरच्या गवती छपरातल्या तीन काड्या अंगावर ठेवायच्या, झाला बंदोबस्त. क्रॉस नको, लसूण नको.

दुसरी गोष्ट नाबेशिमा या राजघराण्याच्या मांजराची, तीही क्यूशूचीच. मांजर राजाच्या लाडक्या बाईचा गळा फोडून तिला मारतं, पुरतं आणि तिचंच रूप घेऊन रोज रात्री राजाकडे जातं, राजा आपला वाळत चाललाय आणि पहारेकरी मात्र ठरल्या वेळेला ढाराढूर. शेवटी एक साधा शिपाई जागा राहतो, कसा तर मांडीत सुरा खुपसून, झोप आली की तो फिरवायचा, आणि चटईला रक्त लागू नये म्हणून खाली तेलकागद अंथरलेला! (ही जपानी शिस्त.) मिटफर्ड नावाच्या इंग्रजाने 1871 मध्ये ही गोष्ट छापली आणि नावात 'व्हॅम्पायर' घातलं, पण मुळात ते बाकेनेको, म्हणजे रूप बदलणारं मांजर.

सिनेमात 70 च्या दशकात तोहो कंपनीने, हो तीच गॉडझिलावाली, व्हॅम्पायरचे तीन पिक्चर काढले, त्यातल्या 1974 च्या पिक्चरमधला पहिला व्हॅम्पायर चक्क जपानात अडकलेला गोरा ख्रिश्चन दाखवलाय. 'हेलसिंग' या ॲनिमेतल्या व्हॅम्पायरचं नाव आलुकार्ड, तो तर ड्रॅक्युला उलटा वाचलेला.

'डीमन स्लेयर' हे ॲनिमे बघून विचारत असाल तर तिथे मिक्स आहे. त्यातला मुख्य खलनायक मुझान आणि त्याची गँग म्हणजे ओनी, माणसं खाणारे जपानी राक्षस, पण उन्हात जळून जाणं आणि आपलं रक्त देऊन दुसऱ्याला आपल्यासारखं करणं हे व्हॅम्पायरकडून घेतलंय. लसणाच्या जागी तिथे विस्टेरियाची जांभळी फुलं आहेत.