वाचकांचे प्रश्न : कागदावरचे केस, पडद्यावरचा टोप

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, ती मन लावून वाचते आणि त्यांवरचे ॲनिमे, म्हणजे जपानी चलच्चित्रमालिका, तिला जवळजवळ पाठ आहेत. मात्र त्याच कथांवर खऱ्या नटांना घेऊन काढलेला चित्रपट लावला, की ‘ही तर गॅदरिंगची वेशभूषा’ असे म्हणून ती उठून जाते. तिचे खरे आहे का? आपल्याला असे कोणते चित्रपट आवडले? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आपल्या मुलीचे बहुतांशी खरे आहे, आणि त्याचे मूळ केसांत आहे. मांगा प्रामुख्याने काळ्या-पांढऱ्या रेषांत छापला जातो. एका पानावर दहा पात्रे आली, तरी वाचकाला ती क्षणात ओळखता यावीत म्हणून चित्रकार एकाचे केस काट्यांसारखे उभे करतो, तर दुसऱ्याची बट डोळ्यांवर ओढतो. चेहऱ्याचे निम्मे काम तिथे केसच करतात. नट मात्र स्वतःचा चेहरा घेऊन येतो. त्याच्या डोक्यावर तशाच केसांचा टोप चढवला, की एका कामावर दोन माणसे नेमल्यासारखे होते आणि दोघेही एकमेकांच्या पायांत येतात. आपल्या जत्रेतल्या नाटकात टोप खटकत नाही, कारण त्याच्या मागचा राजवाडाही पडद्यावर रंगवलेलाच असतो. टोप नाटकातला आणि मागचा रस्ता खरा, अशी सरमिसळ झाली की डोळा बिचकतो.

मला सर्वांत आवडलेल्या चित्रपटात टोपाचा प्रश्नच उद्भवत नाही. अकिमी योशिदा यांच्या ‘उमिमाची डायरी’ या मांगावर हिरोकाझु कोरे-एदा यांनी 2015 मध्ये काढलेला हा चित्रपट ‘अवर लिटल सिस्टर’ या नावाने जगभर गेला आणि त्या वर्षीच्या फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होता. कामाकुरा या समुद्राकाठच्या गावी एका जुन्या लाकडी घरात तीन बहिणी राहतात. वडील त्यांना सोडून गेलेले असतात. त्यांच्या अंत्यविधीला गेल्यावर तिघींना आपली सावत्र बहीण प्रथमच भेटते, आणि आगगाडीचे दार लागता लागता थोरली तिला ‘आमच्याकडे राहायला येतेस का?’ असे विचारते. पुढे फारसे काही ‘घडत’ नाही. अंगणातल्या झाडाची उमे नावाची आंबट फळे उतरवून त्यांचे मद्य मुरत घालतात, दारच्या चौकटीवर उंचीच्या खुणा करतात, भांडतात, जेवतात. मूळ मालिका तेव्हा संपलेलीही नव्हती. दिग्दर्शकाने चित्रांची नक्कल न करता त्या घरातला वेळ तेवढा उचलला. बरण्यांतून मुरांबे आणि लोणची मुरत ठेवणाऱ्या आपल्या घरांना हा चित्रपट परका वाटणार नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा, पण तितकाच मजेचा चित्रपट म्हणजे मारी यामाझाकी यांच्या मांगावरचा ‘थेर्माए रोमाए’ (2012). सम्राट हेड्रियनच्या काळातला, स्नानगृहे बांधणारा एक रोमन वास्तुविशारद पाण्यात बुडतो आणि आजच्या जपानी सार्वजनिक स्नानगृहात वर येतो. तो रोमन साकारला आहे हिरोशी आबे या धिप्पाड, धारदार नाकाच्या जपानी नटाने, आणि रोमची दृश्ये खुद्द रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओतल्या नेपथ्यावर चित्रित झाली आहेत. सोंग आहे हे कोणी लपवत नाही, उलट विनोद त्यावरच उभा आहे. मुलीला आधी हा दाखवावा; ती उठून गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी कामाकुरा.

प्रश्न : आमच्या गावात राखणदाराला, देवचाराला अजून मान आहे. खांद्यावर कांबळे टाकून, हातात काठी घेऊन तो रात्री सीमेवर फिरतो, असे आजी सांगे. जपानी लोककथांवरचे असे चित्रपट आहेत का? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर : आहेत, आणि आपल्याला ते वाचकांतल्या कोणाहूनही अधिक कळतील. मासाकी कोबायाशी यांच्या ‘क्वाइदान’ला 1965 मध्ये कान येथे ज्युरींचे विशेष पारितोषिक मिळाले. त्यातल्या चारही कथा लाफ्काडिओ हर्न यांच्या संग्रहांतून घेतलेल्या आहेत. ग्रीसच्या बेटावर जन्मलेला हा लेखक 1890 मध्ये जपानला गेला आणि कोइझुमी याकुमो या नावाने तिथलाच झाला. होइचीची कथा तर ऐकावी तशी पाहावी. होइची हा बिवा नावाचे तंतुवाद्य वाजवणारा आंधळा वादक 1185 च्या दान-नो-उरा येथील समुद्रयुद्धाचे आख्यान गातो, आणि त्या युद्धात बुडून मेलेल्यांची भुतेच ते ऐकायला त्याला रात्री बोलावून नेतात. त्याला वाचवण्यासाठी मठातले भिक्षू त्याच्या सर्वांगावर प्रज्ञापारमिताहृदय हे बौद्ध सूत्र लिहितात. लिहायचे राहतात फक्त कान. न्यायला आलेल्या भुताला अंधारात केवळ दोन कान दिसतात. पुढचे मी सांगत नाही.

त्याच चित्रपटातल्या हिमस्त्रीच्या कथेत आकाश चक्क रंगवलेले आहे आणि त्यातून एक भला मोठा डोळा खाली पाहत असतो. वरच्या उत्तरातली रंगवलेल्या पडद्याची गोष्ट इथे लागू पडते: टोपापासून आभाळापर्यंत सारे एकाच हाताने रंगवले, की डोळ्याची तक्रार उरत नाही. रात्रभर दशावतारी काला पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजवायला नको.

उएदा आकिनारी यांच्या 1776 च्या कथासंग्रहातून निघालेला केन्जी मिझोगुची यांचा ‘उगेत्सु’ (1953) हाही आवर्जून पाहावा. त्यातल्या कुंभाराचे घरी परतणे मी वर्षानुवर्षे विसरलेलो नाही. आणि दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या ‘ड्रीम्स’चा (1990) निदान पहिला भाग. उन्हात पाऊस पडला की कोल्ह्याचे लग्न लागते, असे आपण म्हणतो ना? जपानातही तेच म्हणतात. तिथे एक मुलगा आईची मनाई मोडून ते लग्न पाहायला रानात जातो, आणि वरात थबकत थबकत झाडांमधून येते.

प्रश्न : दहावीतल्या मुलाला तलवारबाजीचे चित्रपट हवे आहेत. मांगावरचे कोणते दाखवू? (एक पालक, पेडणे)

उत्तर : ‘रुरौनी केन्शिन’ (2012), दिग्दर्शक केइशी ओतोमो. पूर्वी मारेकरी असलेला नायक पुन्हा कोणाला न मारण्याची शपथ घेतो आणि उलट्या धारेची तलवार बाळगतो, त्यामुळे मारामारी भरपूर असूनही तिला लगाम आहे. 2014 आणि 2021 मध्ये आणखी दोन-दोन भाग आले.

‘लोन वुल्फ अँड कब’ मात्र मुलाला दाखवू नये; 1972 ते 1974 दरम्यानच्या त्या सहाही चित्रपटांत रक्ताला सुमार नाही. आपण स्वतः पहिला जरूर पाहावा. आपल्याकडे उष्टावणाच्या वेळी बाळासमोर पुस्तक, नाणे, लेखणी ठेवतात, तसे त्यातला बाप आपल्या रांगत्या मुलासमोर एक चेंडू आणि एक तलवार ठेवतो. चेंडूला हात लावला तर मुलाला मृत आईकडे धाडायचे, तलवारीला लावला तर आपल्याबरोबर सूडाच्या वाटेवर न्यायचे, असे त्याने मनाशी ठरवलेले असते. मूल आधी चेंडूकडे पाहते.