ऑरलँडोत उतरायचं कुठे, जेवायचं कुठे?

प्रश्न : एप्रिलमध्ये आठवडाभर फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचं आहे. आम्ही दोघं, सासू-सासरे, ७ वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. बाहेरची हॉटेलं स्वस्त दिसतात. तिथे राहिलो तर चालेल ना?

उत्तर : चालेल, पण नुसता खोलीचा दर बघून ठरवू नका. रिसॉर्ट फी (खोलीच्या दरावर हॉटेल लावतं ते जास्तीचं शुल्क) आणि कर धरून होणारा आकडा बघा. डिस्ने वर्ल्डच्या परिसरात, म्हणजे ऑरेंज काउंटीत, हॉटेलवर १२.५ टक्के कर लागतो. गाडी भाड्याने घेणार असाल तर पार्कमधल्या पार्किंगचे रोजचे ३० डॉलर किंवा त्याहून जास्त धरा. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना ते माफ असतात.

खरा फरक पडतो तो वेळेत. डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडमचं वाहनतळ तळ्याच्या अलीकडे आहे. गाडी लावून पुढे मोनोरेल किंवा फेरीबोट पकडावी लागते. डिस्नेच्या हॉटेलांची बस मात्र थेट दाराजवळ सोडते. शिवाय या पाहुण्यांना रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. दुपारी धाकट्याला झोपवायला खोलीवर यायचं आणि संध्याकाळी परत जायचं, हे बाहेर राहून जमणं कठीण, आणि दीड वर्षाच्या मुलाबरोबर दुपारची ती झोप चुकवणं महागात पडतं.

३ वर्षांखालचं मूल पाळण्यात झोपत असेल तर माणसांत मोजत नाहीत. म्हणजे खोलीपुरते तुम्ही पाच जण. साधी खोली चौघांची असते. डिस्नेच्या आर्ट ऑफ ॲनिमेशन हॉटेलातला फॅमिली सूट सहा जणांचा, दोन बाथरूमचा. त्याच्या समोरच्या पॉप सेंच्युरीत दोन खोल्या घेतल्या तर काय पडतं, तेही बघा. बऱ्याचदा तेच स्वस्त निघतं. आतून जोडलेल्या खोल्या हव्यात हे बुकिंग करतानाच सांगा. दोन्ही हॉटेलांचं स्कायलायनरचं स्टेशन एकच आहे. हा रोपवे कॅरिबियन बीच हॉटेलच्या स्टेशनला बदलून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांना नेतो. वीज चमकू लागली की तो थांबवतात, मग बस. बाकी दोन पार्कांना, म्हणजे मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडमला, बसच. खर्चाची चिंता नसेल तर डिस्नेचंच कंटेम्पररी हॉटेल घ्या, तिथून मॅजिक किंगडम चालत दहा मिनिटांवर आहे.

प्रश्न : रेस्टॉरंटचं बुकिंग कधी करायचं?

उत्तर : जेवणाच्या तारखेच्या ६० दिवस आधी. डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना मात्र मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी पुढच्या १० दिवसांपर्यंतची टेबलं एकदम घेता येतात. त्यामुळे सातव्या दिवसाचं टेबल तुम्ही ६६ दिवस आधी घेता, बाहेरच्यांना ते अजून खुलं झालेलं नसतं. मॅजिक किंगडमच्या किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल हे रेस्टॉरंट हवं असेल तर मुक्कामाचे शेवटचे दिवस धरा आणि सगळ्यात आधी तेच घ्या.

पार्क उघडल्या-उघडल्या नाश्त्याला बसू नका, रांगा सगळ्यात लहान असतात तोच वेळ वाया जातो. मिकीबरोबर नाश्ता करायचा तर कंटेम्पररीतलं शेफ मिकीज बरं. तिथे पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून ते विश्रांतीच्या दिवशी ठेवा. लहान मुलांचा दर ९ वर्षांपर्यंत; दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा.

टीप साधारण १८ ते २० टक्के देतात. तुम्ही सहा जण आहात, आणि सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के बिलातच लावतात. बिल नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल.

प्रश्न : सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत. त्यांचं काय?

उत्तर : मेनूवर पानाचं चिन्ह असेल तर त्या पदार्थात मांस, अंडी, दूध, मध काहीच नसतं. पण तळणीचं तेल वेगळं आहे का, हे विचाराच. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या ‘सना’ रेस्टॉरंटमध्ये नान आणि चटण्यांचं ताट मिळतं, खिडकीबाहेर झेब्रे चरत असतात. घरचा डबाही पार्कात नेता येतो, फक्त काचेची बरणी आणि सुटा बर्फ नको. प्यायला गार पाणी काउंटरवर फुकट मिळतं, बाटल्या विकत घेत बसू नका.