बाबा फौजेत ड्रायव्हर होते, एवढंच लिहायचं का?

प्रश्न : काकू नमस्कार. माझे बाबा मागच्या वर्षी गेले, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. आम्ही भावंडांनी त्यांच्या आठवणींची छोटीशी पुस्तिका काढायची ठरवलंय, महाल भागातल्या एका प्रेसवाल्याशी बोलणंही झालं. बाबा फौजेत होते, 71 च्या लढाईतही होते, रिटायर झाल्यावर बँकेत गार्ड. पण फौजेत ते ट्रक चालवायचे, सप्लाय कोरमध्ये. भाऊ म्हणतो ड्रायव्हर असं लिहू नको, "ढाक्याच्या लढाईत शौर्य गाजवलं" असं लिही, पेटीत चार मेडल आहेत ना. बाबा स्वतः कधीच काही बोलले नाहीत, विचारलं की "गाडी चालवली बाप्पा, अजून काय" एवढंच. आईला विचारलं तर ती म्हणते "तुम्हाला जे लिहायचं ते लिहा". मला आठवतात ते वेगळेच बाबा, उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडून सगळ्यांची अंथरुणं टाकणारे, आम्ही जेवल्याशिवाय ताटावर न बसणारे, स्कूटर काढायच्या आधी रोज टायर ठोकून पाहणारे. यात लढाई कुठून आणू?
– एक मुलगी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी त्या ड्रायव्हर शब्दाचं बघू, कारण तुझ्या भावाला तो लहान वाटतोय आणि मला तो अजिबात लहान वाटत नाही.

71 साली पूर्वेकडे काय परिस्थिती होती बघ. त्रिपुरात रेल्वे फक्त धर्मनगरपर्यंत यायची, तीही मीटर गेज. तिथून पुढे आगरतळ्याकडे डोंगरातला वळणावळणाचा रस्ता आणि वरून तिकडचा पाऊस. त्या भागातली फौजेची मोठी तुकडी म्हणजे जनरल सगत सिंग यांची 4 कोर, तिला लागणारं रेशन, दारूगोळा, पेट्रोल बरंचसं त्याच रस्त्याने ट्रकमधून गेलं, तेही लढाई सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून. 3 डिसेंबरला युद्ध पेटलं आणि 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानच्या 93 हजारांच्या आसपास लोकांच्या शरणागतीवर सही झाली, इतक्या कमी दिवसांत, ते काय नुसत्या बंदुकांनी झालं का? माल आधीच जागेवर पोचला होता म्हणून झालं. तो कोणीतरी स्टिअरिंग धरून पोचवला होता.

आता मेडल. भावाला सांग, पेटी उघडून एकेक नीट वाच. कडेवर नाहीतर मागे नंबर आणि नाव कोरलेलं असतं. "पूर्वी स्टार" नावाचं मेडल असेल तर बाबा पूर्वेच्या आघाडीवर होते हे पक्कं, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिमेला. संग्राम मेडल त्या युद्धकाळातल्या सेवेचं. पंचविसाव्या स्वातंत्र्य जयंतीचं मेडल 15 ऑगस्ट 1972 ला जे नोकरीत होते त्यांना मिळालं, आणि नऊ वर्षं सेवेचं एक वेगळं असतं. यातलं एकही शौर्यपदक नाही. चारही छापा, फोटो मोठा घ्या, पण खाली जे आहे तेच नाव लिहा. माझे मामा फौजेतले, कामठीत राहायचे. ते गेले तेव्हा शोकसभेत एकाने त्यांच्या नावावर भलताच पराक्रम सांगितला, तर मामी सभेतून उठून गेली. मला ते अजून विसरता येत नाही.

डिस्चार्ज बुक शोध, त्यात भरतीची तारीख, ट्रेड, मेडल, सगळं लिहिलेलं असतं. ते सापडलं नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चक्कर मार, फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला आईच्या सहीने अर्ज कसा करायचा ते सांगतील. आणि जुनी पत्रं. फौजेच्या पत्त्यावर गावाचं नाव नसायचं, नुसतं 56 एपीओ नाहीतर 99 एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. 99 म्हणजे पूर्वेकडचं. एखादं इनलँड सापडलं तर जसंच्या तसं छाप, अक्षरासकट.

आईला लढाईबद्दल विचारू नको, त्यांना तेच माहीत जे घरी आलं. विचार की त्या डिसेंबरात घरी कोण कोण होतं, रेडिओ कोणाकडे ऐकायला जायचे, मनीऑर्डर कोण घेऊन यायचं, पत्र आलं नाही त्या दिवसांत आजी काय करायची. मोबाइल चालू ठेवून शेजारी बस, भाजी निवडता निवडता बोलतील. "तुम्हाला जे लिहायचं ते लिहा" असं म्हणणाऱ्या बायकांकडेच खूप असतं गं.

आणि लढाई कुठून आणू म्हणतेस? अगं तूच लिहिली आहेस की. फौजेत गाडी हलवायच्या आधी रोज टायर, तेल, पाणी, ब्रेक बघावं लागतं, त्याला फर्स्ट परेड म्हणतात. बाबा मानेवाड्याच्या गल्लीत स्कूटरचा टायर ठोकायचे ना, ती फर्स्ट परेड होती. तुम्ही मागे बसणार होता म्हणून. सगळे जेवल्यावर जेवणंही तिथलंच असेल, एकदा त्यांच्या जुन्या फौजी मित्रांना विचारून बघ.

पुस्तिकेचं पहिलं पान त्या स्कूटरनेच सुरू कर. कोणता रंग, कोणत्या साली घेतली, तू मागे बसायचीस की पुढे उभी राहायचीस, सगळं लिही. छापून झाली की एक प्रत मला पाठव.